पिल्लू बघायच्या आधी त्याची आई बघून ये

फोंड्याहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं:

"मावशी, नमस्कार. माझा मुलगा पाचवीत आहे, दोन वर्षं लॅब्रॅडॉरचा हट्ट चाललाय आणि आता आम्ही हो म्हटलंय. मी आणि मिस्टर दोघंही वेर्ण्याला कामाला जातो, सासूबाई घरी असतात. ऑनलाइन एकाचा नंबर मिळाला, त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत. पिल्लू ३५ दिवसांचं आहे म्हणतो, दोन्ही इंजेक्शनं झालीत, हेवी बोन म्हणजे जाडजूड हाडांचं आहे, पेपरशिवाय १४ हजार आणि केसीआय पेपरसकट, म्हणजे वंशाच्या दाखल्यासकट, २२ हजार. ५ हजार ॲडव्हान्स टाकला की बंगलोरहून रात्रीच्या बसने पाठवतो, पहाटे फोंड्याला उतरवून घ्यायचं. मुलाला चवथीच्या आधी घरी हवंय. सासूबाई म्हणतात सुण्याक इतले पयशे कित्याक (कुत्र्याला एवढे पैसे कशाला), गावात एवढी पिल्लं फिरतायत. मला पैशांचं एवढं नाही, पण फसायचं नाहीये. चांगला ब्रीडर ओळखायचा तरी कसा?"

बाय, आधी एक कर, तो ॲडव्हान्स टाकू नको. टाकला असशील तर पाच हजार गेले समज आणि तिथेच थांब, कारण पाच हजार वाचवायला म्हणून उरलेले सतरा देऊन बसशील आणि मग खरा खर्च सुरू होईल, तो पैशांचाही आणि पोराच्या रडण्याचाही.

मी हे एवढ्या ठामपणे का सांगतेय ते सांगते. माझी मुलगी साधारण तुझ्या मुलाच्या वयाची असताना आम्ही हेच केलेलं. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पेपरातली छोटी जाहिरात होती, फोन केला, माणूस गोड बोलला, म्हणाला घरी यायची गरज नाही, लांब पडेल तुम्हाला, मी हायवेवर आणून देतो. बेळगावच्या अलीकडे एका धाब्यासमोर त्याने गाडीच्या डिकीतून खोका काढला, खोक्यात चार पिल्लं, आम्ही त्यातलं एक उचललं. ४५ दिवसांचं आहे म्हणाला. दात बघायचे असतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनी नंतर तोंड उघडून दाखवलं, महिन्याचंही जेमतेम असेल म्हणाले. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताची शी, तो वास मी अजून विसरले नाहीये, पार्व्हो होता. सलाइन लावलं, रात्रभर मांडीवर घेऊन बसलो, सातव्या दिवशी गेलं. मुलीने नाव ठेवलेलं, बाय. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला तुमच्याकडेच काहीतरी लागलं असणार, आणि मग फोन उचलायचा बंद झाला. पार्व्हो म्हणजे पिल्लांची आतडी धरणारा विषाणूचा आजार, त्याला अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त, म्हणजे ते पिल्लू खोक्यातूनच घेऊन आलं असण्याची शक्यता जास्त होती, पण सिद्ध कुठे करणार.

आणि एवढ्यावर संपत नाही. हा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही, ब्लीच पाण्यात मिसळून फरशी, भांडी सगळं धुवावं लागतं, आणि अंगणाच्या मातीला तर ब्लीचही पुरं पडत नाही. डॉक्टरांनी सांगितलं आता इतक्यात लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू या घरात आणू नका. म्हणून मी सांगते की फसणं म्हणजे नुसते पैसे जाणं नाही.

आता तुझ्या त्या माणसाचं बोलणं एकेक करून बघू, कारण त्याच्याच शब्दांत सगळं आहे.

३५ दिवस म्हणजे पाच आठवडे. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीसाठी वेगळे नियम काढलेत, त्यात ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही असं साफ लिहिलंय. ८ आठवडे म्हणजे ५६ दिवस, तुझा माणूस तीन आठवडे आधीच विकतोय आणि ते तुला उघडपणे लिहून पाठवतोय. हे तीन आठवडे लहान वाटतात पण नसतात. याच दिवसांत पिल्लू आपल्या भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं किंचाळतं, खेळ थांबतो, आई कधी गुरगुरते, तिथे त्याला कळतं दात किती लावायचे. हे न शिकता आलेलं पिल्लू तुझ्या मुलाचे हात ओरबाडून ठेवतं आणि मग घरचे म्हणतात कुत्रं रागीट निघालं. मग विकणाऱ्याला घाई का असते, तर चौथ्या आठवड्यापासून पिल्लं आईच्या दुधाबरोबर वरचं खायला लागतात, आठ तोंडांचा खर्च सुरू होतो, शी-शू वाढते, जंताचं औषध, लस, सगळं त्याच्या खिशातून जातं. शिवाय पाच आठवड्यांचं पिल्लू फोटोत जास्त गोंडस दिसतं. म्हणून असा विकणारा घाई करतो, आज नाही घेतलं तर उद्या दुसरा घेऊन जाईल म्हणतो.

दोन्ही इंजेक्शनं झालीत, हे तर ऐकूनच मला राग आला. पिल्लाची मुख्य लस साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करतात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढची, आणि ती १६ आठवड्यांपर्यंत चालते. कारण आईच्या दुधातून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ते कधी उतरतं ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. काही डॉक्टर धोका असेल तिथे एखादं इंजेक्शन आधी देतात, ते समजू शकते, पण ३५ दिवसांत दोन? रेबीजची तर पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. पुढे कुठल्याही ब्रीडरकडे गेलीस की लसीचं कार्ड हातात घेऊन बघ, त्यावर लसीच्या बाटलीवरचा छोटा स्टिकर चिकटवलेला असायला हवा, तारीख हवी, डॉक्टरांची सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा. नुसतं पेनने "डीएचपीपी झाले" (डीएचपीपी म्हणजे तीच मुख्य लस) असं लिहिलेलं कार्ड म्हणजे काहीच नाही, ते मी पण लिहू शकते.

पेपरसकट २२ आणि पेपरशिवाय १४, हा भाग जरा नीट समजून घे कारण यात चांगली शिकलेली माणसंसुद्धा अडकतात. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, चेन्नईची जुनी संस्था, ती पिल्लाच्या वंशाची नोंद ठेवते. आई आणि बाप दोघंही तिथे नोंदलेले असतील आणि ब्रीडरने पूर्ण वेताची नोंद केली असेल तरच पिल्लाला पेपर मिळतो. म्हणजे पेपर हा पिल्लाच्या जन्माशी बांधलेला असतो, वरून आठ हजार टाकले की जोडता येणारा चार्जर नाही तो. एकाच पिल्लाचे दोन भाव कोणी सांगितले तर तू एकच विचार, मग १४ हजारवाल्याचे आईबाप कोण आणि २२ हजारवाल्याचे कोण? आणि "पेपर नंतर पोस्टाने येतील" असं म्हणाला तर वेताच्या नोंदणीचा कागद आत्ता दाखवा म्हणायचं, पिल्लाच्या मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर कागदाशी जुळवायचा, चिप रीडर डॉक्टरांकडे असतो. मालकी तुझ्या नावावर करायच्या फॉर्मवर त्याची सही तिथल्या तिथे घ्यायची.

पण एक लक्षात ठेव, पेपर फक्त वंश सांगतो. ते पिल्लू निरोगी आहे, त्याची आई नीट ठेवलीय, भावाबहिणीची जोडी लावली नाही, यातलं काही तो तुला हमी म्हणून देत नाही. पेपर असलेली आजारी पिल्लं मी पाहिलीयत. तेव्हा पेपर हवाच, पण पेपर बघून समाधानी होऊन घरी यायचं नाही.

मग काय बघायचं, तर पिल्लाची आई. माझं सगळं म्हणणं हे एवढंच आहे. खाण तशी माती म्हणतात ना आपल्याकडे, ते कुत्र्यांत शंभर टक्के खरं आहे. फोटोत नाही, व्हिडिओ कॉलवर नाही, ती जिथे राहते तिथे, तिच्या जागेत, तिच्या पिल्लांबरोबर. जो माणूस आई दाखवत नाही, आत्ता शेतावर नेलीय म्हणतो, अंगावर येते म्हणून बांधलीय म्हणतो, मी अर्ध्या रस्त्यात आणून देतो म्हणतो, त्याच्याकडून घ्यायचंच नाही, मग पिल्लू कितीही सुंदर असू दे. बाप दिसला नाही तर मात्र घाबरू नको, चांगले ब्रीडर बऱ्याचदा मादीला दुसऱ्या गावच्या नराकडे नेऊन मेटिंग करून आणतात, उलट घरचीच जोडी वर्षानुवर्षं वापरतात त्यांच्यापेक्षा ते बरं. बापाचे फोटो आणि नोंदणी नंबर मागून घे.

आई कशी बघायची? दूध पाजणारी कुत्री जरा हडकलेली असते, तिचे केस गळालेले असतात, सड लोंबलेले असतात, यात वावगं काही नाही, आठ पोरं पाजल्यावर कोणाचीही तीच गत. पण डोळे बघ. ती शेपटी हलवत मालकाकडे जाते का? तू आलीस तेव्हा भुंकली आणि मालकाने समजावल्यावर शांत झाली तर फार चांगलं, ते शहाण्या लॅबचं लक्षण. पण ती भिंतीला चिकटून अंग चोरून बसली, मालकाचा हात वर झाल्यावर डोळे मिटले, कोपर घासून काळे जाड झालेत, नखं वाढून वळलीत, म्हणजे ती चोवीस तास सिमेंटवर किंवा पिंजऱ्यात असते. मग विचार तिचं वय काय, हे कितवं वेत, मागचं कधी झालं. नियम असा आहे की मादी १८ महिन्यांच्या आधी आणि ८ वर्षांनंतर वापरायची नाही, वर्षात एकच वेत, आणि आयुष्यभरात पाचाच्या वर नाही. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, म्हणजे हावरट माणूस वर्षात दोनदा पिल्लं काढतो आणि चार-पाच वर्षांत तिला संपवून टाकतो. मग ती कुठे जाते? कधी हायवेला सोडतात. आपल्याकडच्या शेल्टरना विचार, सड लोंबलेल्या, दात झिजलेल्या, पाळीव जातीच्या माद्या किती येतात ते तिथली माणसं सांगतील.

यातूनच एक साधा हिशेब सुटतो बघ. एक मादी, वर्षात एक वेत, लॅबच्या वेतात सहा-आठ पिल्लं. मग ज्याच्या घरी दोन माद्या आहेत त्याच्याकडे वर्षातले बरेच महिने विकायला काहीच नसणार. चांगला ब्रीडर तुला म्हणेल आत्ता नाहीत, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मेटिंग करतोय, ६३ दिवस धर, वर आठ आठवडे, नाव लिहून ठेवतो. आणि जो म्हणतो लॅब आहे, गोल्डन आहे, पग, हस्की, शिट्झू काय हवं ते सांगा, तो ब्रीडर नाहीच, एजंट आहे, इकडून तिकडून पिल्लं गोळा करतो, आणि दहा ठिकाणची पिल्लं एका खोलीत आली की आजार कसा पसरतो ते मी वर सांगितलंच.

शोधायचं कुठे हे तू विचारलं नाहीस पण तोच अवघड भाग आहे. गोव्यात लॅबचे चांगले ब्रीडर शोधायला वेळ लागतो, बरीच माणसं बेळगाव, कोल्हापूर, पुण्याकडे जातात. मी सुरुवात तुमच्या जवळच्या पशुवैद्यांपासून करेन, खाजगी डॉक्टर असोत की सरकारी दवाखाना. त्यांना "कोणाकडून घेऊ" असं विचारू नको, "तुमच्याकडे येणारा कुठला लॅब आठ-दहा वर्षांचा होऊनही ठणठणीत आहे, तो कुठून आणलाय" असं विचार, मग त्या घरी जा, चहा घे, विचार. असल्या चौकशीतून मिळालेला नंबर शंभर जाहिरातींपेक्षा चांगला. थंडीत वेगवेगळ्या शहरांत डॉग शो होतात तिथे जाऊन नुसतं बघितलंस तरी कळतं कोण कुत्र्याशी कसं वागतो. आणि ब्रीडरची नोंदणी आहे का हे विचारायचं, २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे आणि ते सर्टिफिकेट जागेवर दिसेल असं लावायचं असतं. गोव्यातल्या ब्रीडरबद्दल शंका असेल तर पणजीला पाटोवर पशुसंवर्धन खात्याचं संचालनालय आहे, तिथे जाऊन विचारता येतं. नोंदणी नसलेला सगळा वाईटच असं मी म्हणणार नाही, एखाद्याच्या घरी एकच कुत्री, एकदाच व्यायली, मनापासून वाढवली असंही असतं, पण धंदा करतो आणि नोंदणी नाही त्याच्यापासून लांब राहा.

लॅबसाठी एक खास प्रश्न लिहून ठेव. या जातीत मागच्या पायाच्या खुब्याचा आजार आनुवंशिक असतो, हिप डिस्प्लेजिया म्हणतात, कोपराचाही असतो, आणि डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होणारा आजारही. पिल्लात हे दिसत नाही, दीड-दोन वर्षांनी कुत्रं उठताना कण्हायला लागतं तेव्हा कळतं, आणि तोपर्यंत पोराचा जीव जडलेला असतो. म्हणून विचारायचं की आईबापाचे हिपचे एक्स-रे काढलेत का, दाखवा. हा एक्स-रे कुत्रं वर्षाचं झाल्यावरच उपयोगाचा, त्यामुळे "पिल्लाचा काढून देतो" म्हणणाऱ्याला विषय कळलेला नाही. आपल्याकडे सगळेच ब्रीडर एक्स-रे काढत नाहीत हे खरंय, पण प्रश्न ऐकल्यावर तो काय करतो ते बघ. मी दुसऱ्या वेळी ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ म्हणाले एक्स-रे फक्त आईचा काढलाय, बापाचा नाही, पण बापाच्या आधीच्या वेतातली दोन कुत्री इथेच गावात आहेत, चला दाखवतो, आणि स्कूटरवर बसून आम्हाला घेऊन गेले. तुझ्यासमोरचा ब्रीडर मात्र चिडला, "मॅडम एवढं कोणी विचारत नाही" म्हणाला, तर उठून ये.

ते गृहस्थ मला अजून आठवतात कारण त्यांनी आम्हाला विकायच्या आधी आमचीच तासभर उलटतपासणी घेतली. दिवसा घरी कोण असतं, बांधून ठेवणार का, गच्चीवर ठेवणार का, आधीचं कुत्रं कशाने गेलं, मे महिन्यात दुपारी कुठे झोपेल, सुट्टीत गावाला गेलात तर कोण बघेल. मिस्टरांना जरा राग आलेला, पैसे आपण देतोय आणि प्रश्न हे विचारतायत. मला मात्र तिथेच विश्वास वाटला. शेवटी म्हणाले, कधीही, कितीही वर्षांनी सांभाळणं जमलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, दुसऱ्याला देऊ नका, मला फोन करा, मी परत घेईन, आणि तसं कागदावर लिहून दिलं. सात महिने थांबून ती सोना आमच्या घरी आली आणि तेरा वर्षं राहिली. तू ज्याच्याकडे जाशील त्याने हे लिहून दिलं पाहिजे, शिवाय पावती, आणि पहिल्या काही दिवसांत तुझ्या डॉक्टरांनी तपासून आजार सांगितला तर काय करायचं तेही लिहून. ॲडव्हान्स द्यायला हरकत नाही, पण आई बघून आल्यावर, पावती घेऊन.

पिल्लू निवडताना घाई करू नको. एकाच पिल्लाला बाहेर आणून हातात देतात तसं नको, सगळं वेत एकत्र बघ. अगदी सगळ्यात पुढे धावत येऊन सगळ्यांना तुडवणारं आणि अगदी कोपऱ्यात बसणारं, ही दोन्ही पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्या घराला जड जातात, मधलं घे. पोट ढोलासारखं टम्म असेल तर जंत, कानाला वास येत असेल, डोळ्यांत चिकटा, शेपटीखाली घाण लागलेली, बेंबीला गाठ, खोकला, यातलं काही दिसलं तर विचार आणि उत्तर पटलं नाही तर थांब. एका पिल्लाला जुलाब असतील तर बाकीच्यांनाही धरून चाल. बिचारं म्हणून उचलून आणायचा मोह होतो, मला माहितीये, पण त्या बिचाऱ्याला विकत घेतलं की मागे उरलेल्या आईला पुढच्या माजाला परत तेच करायला लावतात.

जातीबद्दल थोडंच बोलते. लॅब आपल्याकडे राहू शकतो, पाण्यात रमतो, मुलांबरोबर छान असतो, पण केस वर्षभर गळतात, खाण्याला अंत नाही, आणि जाड झाला की खुबे लवकर जातात, सासूबाईंना सांग पोदेराचा पाव आणि उकड्या तांदळाची पेज प्रेमाने वाढत बसायची नाही. मुलाचं मन मध्येच हस्कीकडे वळलं तर मात्र नाही म्हण, ते थंड प्रदेशातलं दाट केसांचं जनावर आपल्या दमट उन्हाळ्यात चोवीस तास एसीत ठेवायचं म्हणजे त्याचे हाल. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या जातींना तर श्वासच नीट घेता येत नाही. आणि आपल्याकडे गोचीड फार, गोचीड तापाने कुत्री जातात, पावसात लेप्टोचीही (उंदरांच्या मुतातून पसरणारा आजार) भीती, म्हणून लेप्टोची लस डॉक्टरांना आठवणीने विचारून घे.

आता सासूबाईंचं. त्यांना मी टाळणार नाही, कारण त्या चूक नाहीत. आसगावला, शिवोलीला, कुडचड्याला प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत, तिथे गावठी पिल्लं असतात, आणि कधीकधी कोणीतरी सोडून दिलेले लॅब, शेफर्डही येतात. एक रविवार मुलाला आणि त्यांना घेऊन जा, नुसतं बघायला. गावठी कुत्रं आपल्या हवेत वाढलेलं, खुब्याच्या आनुवंशिक आजाराचा त्रास त्याला कमी, आणि दिवसभर घरी सासूबाईच असणार आहेत तेव्हा त्यांना कुठलं सांभाळणं जमेल हेही बघायला हवं, लॅब वर्षभरात तीस किलोचा होतो आणि साखळी ओढली की साठीच्या बाईला पाडू शकतो. तरीही लॅबच हवा असं ठरलं तर त्यात लाज वाटायचं कारण नाही, फक्त नीट ठिकाणाहून घे. कुठलंही आणलंस तरी पालिकेत किंवा पंचायतीत नोंद आणि रेबीजची लस चुकवू नको, गोवा २०२१ साली रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं ते कित्येक वर्षं गावोगाव फिरून कुत्र्यांना लस टोचणाऱ्यांमुळे.

आणि चवथीच्या आधी नकोच. घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची गडबड, पाहुणे, दारात फटाके, सगळ्यांचे हात त्या पिल्लावर, कोणी मोदक भरवेल कोणी करंज्या, चॉकलेट आणि मनुका तर कुत्र्याला विषच. पिल्लाचा पहिला आठवडा शांततेत जायला हवा. मग पाठोपाठ दिवाळी आणि नरकासुराची रात्र. मुलाला सांग की आपण चवथीनंतर ब्रीडर शोधायला लागणार आहोत, डॉक्टरांकडे जायचं, प्रश्न त्याने लिहायचे आणि त्यानेच विचारायचे. सोनासाठी थांबलो त्या सात महिन्यांत माझ्या मुलीने वही भरवलेली, कुत्र्याला काय द्यायचं काय नाही, आणि ती वही पुढे मलाच उपयोगी पडली.

ज्या दिवशी पिल्लू आणायला जाशील त्या दिवशी सकाळी निघ, गाडीत मागे मांडीवर घेऊन बसायला कोणीतरी हवं, पोट भरलेलं नको. घरातला एक जुना पंचा बरोबर ने, धुतलेला पण साबणाचा वास नसलेला, आणि निघायच्या आधी तो पिल्लाच्या आईच्या अंगावरून, तिच्या पोटाखालून चांगला घासून घे, तिची परवानगी घेऊन, हळू. पहिल्या रात्री पिल्लू रडायला लागलं की तो त्याच्याजवळ ठेव.